हाउजी शिकायची आहे, हळदीकुंकवाच्या आत

पांदणीकडची
३ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दरवर्षी संक्रांतीनंतर बचत गटाच्या आम्ही सगळ्या बाया मिळून हळदीकुंकू करतो. आजवर उखाणे, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा एवढ्यावर भागत होतं. या वर्षी अध्यक्ष वहिनींच्या डोक्यात हाउजी शिरली, म्हणजे तो तंबोल्याचा आकड्यांचा खेळ. त्यांची भाची अमरावतीला राहते, तिच्या सोसायटीत खेळतात म्हणे. भाचीनं तिकिटांचं पुस्तक पाठवलं आणि स्वतःला यायला जमणार नाही म्हणून कळवलं.

मी अंगणवाडीत आहे, म्हणून पुस्तक माझ्या गळ्यात. हाउजी मी जन्मात एकदा खेळली आहे, नागपूरला एका लग्नाच्या संगीतात. शेजारच्या काकू माझं तिकीट पाहून "अगं, तुझी वरची ओळ झाली होती ना!" म्हणाल्या, तोवर कुकर दुसरीनं नेला होता.

तर विचारायचं असं की तिकीट वाचायचं कसं? मधली घरं रिकामी का असतात? चार कोपरे म्हणजे नेमके कोणते? साठेक बाया येतील, त्यातल्या निम्म्या साठीच्या पुढच्या आणि लिहिणं-वाचणं जेमतेम. साठ पेनं कुठून आणू? आणि सासूबाईंचं म्हणणं, "हे सट्टापट्टीच होय. नाव फक्त इंग्रजी."

---

मुळामुठा
३ जानेवारी, रात्री १०:१२

ताई, हाउजीत शिकण्यासारखं काय आहे? नंबर पुकारला की खोडायचा. आमच्या सोसायटीत पाच वर्षांची मुलं खेळतात.

---

वऱ्हाडी ठेचा
३ जानेवारी, रात्री १०:२०

मुळामुठा भाऊ, पोहणं बी सोपंच असते. पाण्यात पडाचं अन् हात हालवाचे.

ताई, धागा भल्ला काढला. मी पोतं टाकून बसलो.

---

फौजी_कामठी
४ जानेवारी, सकाळी ६:०५

पांदणीकडची ताई, मी फौजेत बावीस वर्षं काढली आणि त्यातली कितीतरी शनिवारची रात्र हाउजीत गेली. नीट सांगतो.

तिकिटात तीन आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने, म्हणजे २७ घरं. त्यातली १५ भरलेली, १२ रिकामी. प्रत्येक आडव्या ओळीत बरोबर पाच आकडे. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. नवशिक्याला आधी हे रकान्यांचंच सांगा. 'सदुसष्ट' ऐकलं की सगळ्या तिकिटावर नजर फिरवत बसायचं नाही, सरळ सातव्या रकान्यात जायचं. तिथं तीनच्या वर आकडे नसतातच. रिकामी घरं त्यासाठीच आहेत, आकडा आपल्या रांगेत राहावा म्हणून.

चार कोपरे म्हणजे तिकिटाचे कोपरे नव्हेत. इथं दहातले आठ जण फसतात. वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, तसेच खालच्या ओळीतले दोन. कोपऱ्याचं घर रिकामं असलं तर ओळीत आत जो पहिला आकडा भेटेल तो तुमचा कोपरा.

बक्षिसं साधारण अशी: जल्दी पाच (तिकिटावरचे कोणतेही पाच), वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ, चार कोपरे आणि फुल हाउस (तिकिटावरचे पंधराही). ज्या आकड्यावर तुमचं पूर्ण झालं त्याच आकड्यावर ओरडायचं. पुढचा आकडा पुकारला गेला की हक्क गेला. पूर्ण न होता ओरडलात तर बोगी, आणि तिकीट बाद.

मी नवा रंगरूट असताना चौदा आकड्यांवर 'हाउस' म्हणून उभा राहिलो. अख्ख्या मेसनं टेबलं वाजवून 'बोगी' केलं. पुढे वर्षभर माझं नाव बोगीच होतं.

पिशवीतून आकडे काढायला चकत्या करणार असाल तर सहा आणि नऊच्या खाली रेघ मारा. चकती उलटी हातात आली की सहाचा नऊ होतो.

---

सरकी
४ जानेवारी, सकाळी ८:४०

फौजीकाका, फार छान उलगडलंत. मी दहा वर्षं खेळते आहे आणि रकान्यांचा हा हिशोब आज कळला. लग्नात तिकीट हातात देतात आणि डीजे सुरू करतात, सांगतं कोण!

पेनांचं म्हणाल तर पेन नकोच. सध्या घरोघरी तुरी निघाल्या आहेत. मूठभर दाणे द्या, आकडा आला की दाणा ठेवायचा. तिकिटं पुन्हा वापरता येतात.

---

गणिताचे गुरुजी
४ जानेवारी, दुपारी १:१५

सरकीताईंना अनुमोदन. माझ्याकडून थोडा हिशोब, कारण कार्यक्रम किती वेळ चालेल ते तो ठरवतो.

९० आकड्यांच्या खेळात एकाच तिकिटाचा विचार केला तर त्याचे पंधराही आकडे यायला सरासरी ८५ आकडे पुकारावे लागतात. ठरावीक एक ओळ पूर्ण व्हायला सरासरी ७६, चार कोपऱ्यांना ७३. कोपरे चारच म्हणून लवकर होतील असं वाटतं, पण ओळीत आणि त्यांच्यात तीनच आकड्यांचा फरक. आता तिकिटं साठ असली तर कुणाचं तरी आधी होणारच, त्यामुळे पहिलं फुल हाउस साधारण सत्तरीच्या आसपास निघतं. नवख्या बायका आहेत, आकड्याला अर्धा मिनिट द्या. एक डाव सहज ३५ ते ४० मिनिटं जाईल.

जल्दी पाच मात्र साठ तिकिटांत दहा-बारा आकड्यांतच उडतं. तोवर अर्ध्या बायका तिकीट सुलटं की उलटं एवढंच बघत असतील. म्हणून पहिला डाव बिनबक्षिसाचा ठेवा, नाहीतर पहिलं बक्षीस जिला आधीपासून येतं तिलाच जाईल आणि बाकीच्या तिथंच हिरमुसतील.

---

अधिक-उणे
४ जानेवारी, दुपारी ३:३०

सर्वांचा उत्साह पाहून बरं वाटलं, पण मी त्या सासूबाईंच्या बाजूनं आहे. आमच्या घरातल्या एका माणसानं मोबाइलवरच्या आकड्यांच्या खेळात दोन हंगामांच्या कापसाचे पैसे घालवले. सुरुवात अशीच, 'दहा रुपयाचं तिकीट, गंमत म्हणून'. आकडा पुकारला की छातीत जे होतं ना, त्याची सवय लागते. गावात ती आपणहून का आणायची?

---

बैलबंडी
४ जानेवारी, संध्याकाळी ७:००

अधिक-उणे, वाचून वाईट वाटलं. सट्टापट्टीवरून आठवलं. मटक्याची सुरुवातच मुळी कापसावर झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना काय भाव आला, त्यावर मुंबईत पैसे लागायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ मध्ये तिकडून भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला लागले. कापूस इथला, भाव तिकडचा, सट्टा मुंबईचा. आपल्या वाट्याला फक्त वेचणी!

---

वऱ्हाडी ठेचा
४ जानेवारी, संध्याकाळी ७:०८

अन् पाठीले कळ.

---

काळा कोट
४ जानेवारी, रात्री ९:२५

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे जुगारबंदीचा १८८७ चा मुंबई कायदा अजून लागू आहे, आता नावात महाराष्ट्र आलं एवढंच. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट आहे, पण हाउजीत कौशल्य म्हणजे ऐकणं आणि खोडणं. त्यामुळे तिकिटाचे पैसे घेऊन त्यातूनच रोख बक्षीस वाटायच्या भानगडीत पडू नका. तिकीट फुकट आणि बक्षीस म्हणून वाणाचीच वस्तू असेल तर कुणी काही लावलेलंच नाही. अधिक-उणे म्हणतात तशा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्रानं २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. तुमच्या घरातल्या माणसाच्या कामाला तो उशिरा आला, हे खरं.

---

पांदणीकडची
५ जानेवारी, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. तिकीट फुकटच राहील. बक्षिसं म्हणजे गाळणी, पोळ्यांचा डबा, दोन पातेली आणि फुल हाउसला झाकणाचा मोठा स्टीलचा डबा.

आज घरी तालीम केली. मी, सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या दोघी. फौजीकाकांचे रकाने समजावून सांगितले. दहा मिनिटं छान चाललं. मग मी 'एक' पुकारला. सासूबाईंनी दाणा ठेवला. थोड्या वेळानं 'एकोणीस' पुकारला तर म्हणाल्या, माझ्याकडे नाही. माझ्या शेजारून मला त्यांच्या तिकिटावर स्पष्ट दिसत होता. मी बोट ठेवलं तर म्हणतात, "हा तर अकरा आहे."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिकिटावर आकडे इंग्रजी. इंग्रजी नऊ हुबेहूब आपल्या एकासारखा दिसतो. सासूबाई जुन्या चौथीपर्यंत शिकल्या, मराठी आकडे त्यांना झोपेत वाचता येतात, इंग्रजी कधी लागलेच नाहीत. मघाशी 'एक' म्हणून दाणा ठेवला तोही नऊवरच होता. इंग्रजी आठ त्यांना चारासारखा वाटतो, फक्त "वरून बुजवला आहे" म्हणाल्या. वरची ओळ झाली म्हणून ओरडल्या आणि तपासलं तर पाचातले दोन चुकीचे. मी बोगी म्हटलं. दाणे झटकून उठल्या. "माझा एक तुम्हीच खाल्ला, अन् बोगी मलेच?"

रात्री माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवताना भाजी मात्र वाढली.

---

सरकी
५ जानेवारी, रात्री १०:४१

"वरून बुजवला आहे" 😂 आजींचं निरीक्षण बरोबर आहे हो!

---

मुळामुठा
५ जानेवारी, रात्री ११:०२

शब्द मागे घेतो. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

---

गणिताचे गुरुजी
६ जानेवारी, सकाळी ७:२०

ताई, तुम्ही मुद्द्याचं सापडवलंत. दुसरी अडचण पुढे येणार आहे, ती आत्ताच सांगतो. मराठीत आकडा बोलताना एकक आधी येतो. 'सदुसष्ट' आणि 'शहात्तर' यांत सहा-सात उलटसुलट होतात, आणि एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी म्हटलं की अर्धा वर्ग एक दशक पुढे जातो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर सहा' असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. मी तेव्हा वर्गात शिकवत होतो. भाषा बिघडवली म्हणून पालक भांडायला यायचे, आणि त्यांचीच पोरं 'सत्तर सहा' पटकन लिहायची.

भांडण नको, पण पुकारताना दोन्ही बोला: "शहात्तर. सात, सहा." नेहमी याच क्रमानं.

---

अधिक-उणे
६ जानेवारी, सकाळी ९:००

भाषा बिघडलीच हो गुरुजी. पण तो वेगळा धागा.

---

संत्र्याची फोड
६ जानेवारी, दुपारी १२:१०

वरुडकडची मी. आमच्याकडे दोन वर्षं हळदीकुंकवाला हाउजी ठेवतो. बाकी सगळं वर आलंच आहे, एक निराळी गोष्ट सांगते. आमच्या आळीत नवरे गेलेल्या चार-पाच बाया आहेत, एकीचा तर कर्जापायी गेला. बोलावलं तरी त्या हळदीकुंकवाला यायच्या नाहीत, आल्या तरी दाराशी. पहिल्या वर्षी "हाउजी आहे, या" एवढाच निरोप दिला. हाउजीला यायला कुणाला कपाळ बघावं लागत नाही. पाचही आल्या, मधोमध बसल्या. दुसऱ्या वर्षी आम्ही कुंकू सगळ्यांनाच लावलं. एक म्हातारी कुरकुरली, पण तिकीट सोडून उठली नाही.

---

पांदणीकडची
६ जानेवारी, दुपारी १:४५

संत्र्याची फोड ताई, निरोप तुमच्याच शब्दांत देते.

---

फौजी_कामठी
६ जानेवारी, रात्री ८:१५

आता पुकारणाऱ्याबद्दल. खेळ पुकारणाऱ्यावर चालतो. नुसते आकडे वाचले तर रेशनच्या रांगेसारखं वाटतं. गोऱ्यांच्या फौजेत पत्त्यांच्या जुगारावर बंदी होती पण 'हाउस'ला मुभा, त्यामुळे शिपायांनी एकेका आकड्याला नाव पाडलं. ८८ म्हणजे दोन जाड्या बाया, २२ म्हणजे दोन बदकं, ११ म्हणजे दोन तंगड्या. आणि ९ म्हणजे 'डॉक्टरांचा हुकूम'. का, तर फौजी डॉक्टर कोणत्याही दुखण्यावर नऊ नंबरची गोळी द्यायचे. ती जुलाबाची होती.

आपल्याकडच्या आकड्यांना आपली नावं काढा.

---

वऱ्हाडी ठेचा
६ जानेवारी, रात्री ८:३०

घ्या माझ्याकडून:
दोन: बैलजोडी.
सत्तेचाळीस: चंद्रपूरचा मे महिना.
पस्तीस: काठावर पास.
छत्तीस: जावा-जावा.
नव्वद: चला, आता घरी जा.
अन् सातच्या मांगं लगेच बारा आला तं सगळ्यायनं एका सुरात, "सातबारा कोरा!"

---

सरकी
६ जानेवारी, रात्री ८:४४

सोळा: सोमवार. सत्तावीस: नक्षत्रं. चौसष्ट: कला. बहात्तर: दुष्काळ. चौऱ्याऐंशी: फेरा चुकला नाही कुणाला.

---

बैलबंडी
६ जानेवारी, रात्री ९:०३

बेचाळीस: चिमूर-आष्टी. विदर्भात दुसरं काही म्हणूच नये.

---

काळा कोट
६ जानेवारी, रात्री ९:१०

साठ: बुद्धी नाठी. पण हा पुकारण्याआधी समोर कोण बसलं आहे ते पाहून घ्या.

---

गणिताचे गुरुजी
६ जानेवारी, रात्री ९:३५

सगळं छान, फक्त नावानंतर आकडा बोलायला विसरू नका. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शिपाईमामांनी नुसतं 'काठावर पास' पुकारलं. अर्ध्यांनी पस्तीस खोडला, काही जुन्या मंडळींनी तेहतीस. दोघांची मधली ओळ झाली आणि पुढचा अर्धा तास पासाची टक्केवारी या विषयावर परिसंवाद झाला.

---

न्यूजर्सीची चिमणी
७ जानेवारी, पहाटे ४:५०

माहेर मूर्तिजापूर, सध्या मुक्काम इकडे. तुम्ही खेळता ती हाउजी, इथं बिंगो. तिकीट चौकोनी, पाच बाय पाच. आकडे ७५ पर्यंतच आणि मधलं घर फुकट. आडवी, उभी किंवा तिरपी पाचाची रांग झाली की 'बिंगो' ओरडायचं. पाच रकान्यांवर बिंगो शब्दाची पाच इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे पुकारणारा अक्षर आधी सांगतो आणि बघणाऱ्याची नजर थेट त्या रकान्यात जाते. फौजीकाकांनी शिकवलं तेच, फक्त इथं ते तिकिटावरच छापलेलं असतं. नवशिक्यांसाठी हे सोपं आहे.

सरकीताईंच्या तुरीच्या दाण्यांवरून सांगावंसं वाटलं. १९२९ मध्ये एडविन लो नावाच्या खेळणी विकणाऱ्या माणसानं जॉर्जिया राज्यातल्या एका जत्रेत हा खेळ पाहिला. तिथं लोक आकड्यांवर घेवड्याचे वाळके दाणे ठेवत आणि जिंकलं की 'बीनो' म्हणून ओरडत, म्हणजे आपल्या भाषेत 'शेंगो'. त्यानं घरी मित्रांना खेळायला बसवलं, तर एकीची आनंदानं बोबडी वळली आणि तोंडातून 'बिंगो' निघालं, असं सांगतात. पुढे तिकिटं कमी पडायला लागली, एकाच वेळी चार-पाच जण जिंकायचे. म्हणून त्यानं कार्ल लेफलर या गणिताच्या प्राध्यापकाकडून एकमेकांसारखी नसलेली ६००० तिकिटं करून घेतली.

मूळ मात्र इटलीतलं, १५३० पासूनची तिथली सोडत. आपण तंबोला म्हणतो तो शब्दही तिकडचाच.

---

वऱ्हाडी ठेचा
७ जानेवारी, सकाळी ७:३०

म्हंजे तुरीवर खेळलं तं 'तुर्रो' ओरडाचं.

---

पांदणीकडची
९ जानेवारी, रात्री ९:२०

चालू परिस्थिती. सातवीच्या पोरींना कामाला लावलं. छापील तिकिटं पाहून तोच तो आकडा, पण मराठीत, अर्ध्या कागदावर मोठ्या अक्षरात. एका तिकिटावर १५, साठ तिकिटं, म्हणजे ९०० आकडे. गुरुजींनी सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी पोरींनी एकमेकींची तपासली, तर अकरा तिकिटांत चुका निघाल्या. एकीनं तर एकाच ओळीत सहा आकडे टाकले होते, "बाई, जागा होती म्हणून."

साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या नव्वद चकत्या कापल्या. पिशवी कापडाची. भिंतीवर फळा लावून त्यावर नव्वद घरं आखली, काढलेली चकती तिथं टाचायची.

सासूबाई अजून लांबूनच बघतात. पण काल माझा 'सदुसष्ट, सहा सात' सराव चालला होता तर चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "बुढ्यायले असं नाही समजत. तीन विसा सात म्हण."

---

गणिताचे गुरुजी
९ जानेवारी, रात्री ९:५०

त्यांना पुकारणाऱ्याच्या शेजारी बसवा! जुन्या बायका विसाच्या हिशोबानंच मोजतात. शहात्तर म्हणजे तीन विसा सोळा. पुस्तकात न घालता चालत आलेली रीत आहे.

---

पांदणीकडची
२१ जानेवारी, रात्री १०:४०

झालं एकदाचं! दमले आहे पण आत्ताच लिहिते.

समाजमंदिरात जागा पुरेना, म्हणून अंगणात सतरंज्या टाकल्या. एकसष्ट बाया आल्या. त्यात संत्र्याची फोड ताईंचा निरोप दिलेल्या सहाजणी. कुंकवाचं ताट आम्ही मुद्दाम हाउजी झाल्यावर फिरवलं. दोघींनी नको म्हटलं, चौघींनी लावून घेतलं. कुणी काही बोललं नाही.

पहिला डाव बिनबक्षिसाचा. तो सुरू झाला आणि पंधराव्या आकड्याला कोंबडी आली. तुरीचे दाणे पाहून कोंबडी काय सोडते? तिसऱ्या रांगेतल्या काकू ओरडल्या, "अवो बाई, माझा अकरा, सत्तावीस अन् चौसष्ट खाल्ला!" तिला हाकलेपर्यंत आणखी दोन तिकिटं साफ. मग चिंचोके आणले. अर्ध्या कागदाची तिकिटं होती म्हणून बरं, छापील तिकिटाच्या घरात चिंचोका मावला नसता.

मी पुकारायला, शेजारी सासूबाई. स्वतःचं तिकीट मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी "अठ्ठावन्न, पाच आठ" म्हटलं की त्या मागच्या रांगेकडे तोंड करून "दोन विसा अठरा". थोड्या वेळानं मागच्या बाया माझ्याकडे बघेनाशाच झाल्या. नावांपैकी चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना कळला. सात-बाराचा योग मात्र आला नाही.

चार कोपऱ्यांवर तीन बोग्या झाल्या, फौजीकाका, दरवेळी तिकिटाचा कोपरा धरून. चौथ्या वेळी बाया आपसातच सांगायला लागल्या, "आतला पाय, आतला."

फुल हाउस एकाहत्तराव्या आकड्यावर निघालं (गुरुजी, दंडवत). तो आकडा होता अठ्ठावन्न, आणि त्यावर दोघी एकदम उभ्या राहिल्या. दोघी सख्ख्या जावा, तीन वर्षांपासून शेताच्या धुऱ्यावरून अबोला. डबा एक. दोन मिनिटं सगळं अंगण गप्प. शेवटी मोठीनं डबा उचलला, झाकण काढून धाकटीच्या हातात दिलं आणि दोघी आपापल्या जागी जाऊन बसल्या.

---

वऱ्हाडी ठेचा
२१ जानेवारी, रात्री १०:५२

अन् हे छत्तीसवर नाही झालं? देवाले काही समजतच नाही बाप्पा.

---

अधिक-उणे
२१ जानेवारी, रात्री ११:१५

झाकण कुणाकडे राहिलं?

---

पांदणीकडची
२१ जानेवारी, रात्री ११:२०

अजून धाकटीकडेच. डब्यात काही भरायचं झालं की मागावं लागेल.

अधिक-उणे दादा, तुमचं म्हणणं विसरले नाही. रोख पैसे कधीच नाहीत, हे गटाच्या वहीत लिहून सह्या घेतल्या.

---

अधिक-उणे
२१ जानेवारी, रात्री ११:३१

मग ठीक आहे. घरच्यांनाही वाचून दाखवतो.

---

पांदणीकडची
२२ जानेवारी, सकाळी ८:१०

एक भानगड राहिली. काल डाव संपल्यावर चकत्या मोजल्या तर एक कमी. फळ्यावर त्र्याहत्तरचं घर रिकामं, पिशवीतही नाही. एका काकूंचे चौदा झाले होते, उरला होता नेमका त्र्याहत्तर. त्या सकाळीच दारात आल्या. "तुम्ही त्र्याहत्तर टाकलाच नाही, तं येईल कसा?" सतरंज्या झटकल्या, गोठ्यात पाहिलं. कोंबडीवरही संशय आहे.

---

फौजी_कामठी
२२ जानेवारी, सकाळी ८:४०

डाव सुरू करण्याआधी फळ्यावर नव्वदही लावून मोजायच्या, मग पिशवीत टाकायच्या. सांगायचं राहिलं, चूक माझी.

---

पांदणीकडची
२२ जानेवारी, दुपारी २:०५

सापडला. सासूबाईंच्या चंचीत, सुपारीच्या खांडांखाली.

विचारलं तर म्हणाल्या, "माह्या तिकिटावर तो नव्हताच. मंग कायले ठेवाचा पिशवीत?"

---

फौजी_कामठी
२२ जानेवारी, दुपारी २:०९

बोगी!!